समुद्राचे आम्लीकरण : प्रवाळ आणि चुनायुक्त शैवालांवरील संकट

छत्तीसगडची राजधानी रायपूर येथील समता कॉलोनीपासून सर्वांत जवळचा समुद्रकिनारा सुमारे ४०० किलोमीटर दूर आहे. तरीही रायपूर शहर ज्या खडकावर वसले आहे, तो समुद्रानेच घडविलेला आहे. या परिसरात पाया खणताना किंवा कूपनलिका घेताना लागणारा खडक प्रामुख्याने चुनखडीचा असून भूशास्त्रज्ञ त्याला ‘चंडी’ चुनखडक या नावाने ओळखतात. सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी येथे उथळ समुद्र होता. प्रवाळ तेव्हा पृथ्वीवर अवतरले नव्हते. जुन्या पुस्तकांत ज्यांना नीलहरित शैवाल म्हटले जाई, त्या सूक्ष्म जिवाणूंच्या थरांवर चुना साचत गेला आणि त्यांतून पापुद्र्यांची, घुमटाकार रचनेची शिळा तयार झाली. ‘स्ट्रोमॅटोलाइट’ या नावाने परिचित असलेल्या या रचना रायपूर परिसरातील चुनखडकात आजही दिसतात.

समुद्राच्या पाण्यातील कॅल्शियम आणि कार्बन एकत्र आणून त्यांचा दगड करण्याचे हे काम सजीवांनी पुढेही चालू ठेवले. आज उष्ण कटिबंधातील समुद्रांत ते मुख्यतः प्रवाळ आणि चुनायुक्त शैवाल करतात. या कामात आता माणसाच्या उद्योगामुळे अडथळा येऊ लागला असून त्याला शास्त्रज्ञ समुद्राचे आम्लीकरण असे म्हणतात. रायपूरचा संबंध येथे दुसऱ्या बाजूनेही येतो. रायपूर-बलौदाबाजार पट्ट्यात सिमेंटचे मोठे कारखाने आहेत. त्यांच्या भट्टीत एक टन शुद्ध चुनखडी भाजली, की ५६० किलो चुना उरतो आणि ४४० किलो कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो. कोळशाच्या ज्वलनातून निघणारा वायू यात धरलेला नाही. प्राचीन समुद्राने दगडात बंद केलेला कार्बन अशा रीतीने काही मिनिटांत मोकळा होतो. जगातील मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ७ ते ८ टक्के वायू सिमेंट उद्योगातून येतो. बहुतांश भाग अर्थातच कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायूच्या ज्वलनातून येतो.

या सर्व वायूपैकी साधारण एक चतुर्थांश भाग समुद्र शोषून घेतो. समुद्र नसता, तर हवा आजच्यापेक्षा बरीच अधिक तापली असती. समुद्राच्या या उपकाराची किंमत कोण मोजतो, हा या लेखाचा विषय आहे.

निवळीचा प्रयोग

शाळेच्या प्रयोगशाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घालण्याचा प्रयोग बहुतेकांनी केलेला असतो. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडमुळे निवळी दुधाळ होते. येथेच तास संपतो आणि पुढचा, अधिक महत्त्वाचा भाग राहून जातो. फुंकर तशीच चालू ठेवली, तर दुधाळ झालेली निवळी पुन्हा स्वच्छ होऊ लागते. पहिल्या टप्प्यात तयार झालेला कॅल्शियम कार्बोनेटचा साका जादा कार्बन डायऑक्साइडमुळे विरघळून बायकार्बोनेटच्या रूपात पाण्यात मिसळतो. समुद्रात आज जे घडते आहे, त्याचे रसायनशास्त्र या दुसऱ्या टप्प्यासारखेच आहे.

हवेतील कार्बन डायऑक्साइड समुद्रात विरघळला, की कार्बोनिक आम्ल तयार होते. त्यातून हायड्रोजन आयन सुटतात. समुद्राच्या पाण्यात कार्बोनेट आयन आधीपासून असतात. सुटलेले हायड्रोजन आयन त्यांच्याशी संयोग पावतात आणि त्यांचे बायकार्बोनेट होते. परिणाम दुहेरी असतो. पाण्याचा सामू घटतो आणि त्याच वेळी कवच किंवा सांगाडा बांधण्यास लागणारे कार्बोनेट आयन कमी होतात. गवंड्याच्या दृष्टीने पाहिले, तर वाळूचा साठा कायम आहे, पण चुना मिळेनासा झाला आहे.

‘आम्लीकरण’ या शब्दाने थोडा गैरसमज होण्याचा संभव आहे. समुद्र आम्ल झालेला नाही आणि नजीकच्या भविष्यात होणारही नाही. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो. त्याहून अधिक सामू असलेले द्रावण अल्कधर्मी मानले जाते. औद्योगिक क्रांतीपूर्वी समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू सरासरी ८.२ च्या जवळपास होता, तो आता ८.१ च्या खाली सरकत आहे. हा फरक किरकोळ वाटतो. परंतु सामूची मोजपट्टी साधी नसून घातांकी आहे. तिच्यावरील एका अंकाचा फरक म्हणजे दहापट बदल. त्यामुळे ०.१ इतक्या घसरणीचा अर्थ हायड्रोजन आयनांचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी वाढले असा होतो.

वातावरणातील कार्बन डायऑक्साइडची सलग मोजणी अमेरिकी शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटांवरील मौना लोआ येथे सुरू केली. तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारे ३१५ भाग होते. औद्योगिक क्रांतीपूर्वी ते प्रमाण २८० च्या आसपास होते. २०२४ मध्ये मौना लोआ येथील वार्षिक सरासरी ४२४ च्या पुढे गेली. समुद्राच्या बाबतीत मात्र धोक्याची जाणीव बरीच उशिरा झाली. पाण्याच्या या विशाल साठ्यावर एवढ्याशा वायूचा काय परिणाम होणार, असाच बराच काळ समज होता. केन कॅल्डेरा आणि मायकेल विकेट यांचा याविषयीचा निबंध २००३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि ‘समुद्राचे आम्लीकरण’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. जून २००५ मध्ये ब्रिटनच्या रॉयल सोसायटीने या विषयावर स्वतंत्र अहवाल काढला. त्यापूर्वी १९९९ मध्ये जोन क्लेपास आणि सहकाऱ्यांनी प्रवाळांविषयीचे गणित मांडले होते. त्यांच्या हिशेबानुसार उष्ण कटिबंधातील समुद्रात ‘ॲरागोनाइट’ या चुन्याच्या प्रकाराची संपृक्तता १८८० मध्ये सुमारे ४.६ होती, ती १९९० मध्ये ४.० वर आली होती. हा आकडा १ च्या खाली गेला, की पाण्यात उघडा असलेला चुना आपोआप विरघळू लागतो. मात्र प्रवाळांची बांधणी त्याच्या कितीतरी आधी मंदावते.

प्रवाळ सांगाडा कसा बांधतात

मराठीत पोवळे म्हटले, की अंगठीतला लाल खडा आठवतो. तो भूमध्य समुद्रातील वेगळ्या जातीच्या प्रवाळापासून मिळतो. प्रवाळभित्ती बांधणारे प्रवाळ निराळे. मऊ शरीराचे, फुलासारखे दिसणारे असंख्य छोटे प्राणी शेजारी शेजारी राहून एकत्रित वसाहत करतात आणि प्रत्येक प्राणी आपल्या तळाशी ॲरागोनाइटचा सांगाडा साचवीत जातो. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतात. हे सहजीवी शैवाल प्रकाशसंश्लेषणातून तयार केलेले अन्न प्रवाळाला देतात. प्रवाळाची बहुतांश ऊर्जेची गरज त्यावर भागते.

प्रवाळ हा चुना समुद्राच्या पाण्यातून नुसता गाळून घेत नाही. शरीर आणि सांगाडा यांच्यामधील अतिशय अरुंद पोकळीत थोडे पाणी असते. प्रवाळ त्या पाण्यातील हायड्रोजन आयन बाहेर उपसून टाकतो आणि तेथील सामू बाहेरच्या पाण्यापेक्षा वर ठेवतो. त्यामुळे तेथे चुन्याचे स्फटिक वेगाने तयार होतात. ही उपसण्याची क्रिया ऊर्जेवर चालते. बाहेरच्या पाण्यात हायड्रोजन आयन वाढले, की तेवढेच काम करण्यास अधिक ऊर्जा लागते. विहिरीची पातळी खाली गेल्यावर त्याच पंपाला अधिक वीज लागावी, तसा हा प्रकार आहे.

याच ठिकाणी आम्लीकरण आणि तापमानवाढ ही दोन संकटे एकमेकांना मिळतात. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश अधिक तापले आणि तसे काही आठवडे राहिले, तर प्रवाळ आपल्या पेशींतील सहजीवी शैवाल बाहेर टाकतात व पांढरे पडतात. याला विरंजन म्हणतात. विरंजन झालेल्या प्रवाळाचा अन्नपुरवठा तुटतो. म्हणजे आम्लीकरणामुळे बांधकामाचा खर्च वाढतो आणि तापमानवाढीमुळे उत्पन्न बुडते. आजवर प्रवाळांचे जे प्रत्यक्ष मृत्यू झाले, त्यांचे मुख्य कारण तापमानवाढ हेच आहे. आम्लीकरणाचे काम संथ असते. मेलेली भित्ती पुन्हा उभी राहील की नाही, हे मात्र पुष्कळ अंशी त्याच्यावर ठरते.

एक प्रयोग येथे सांगण्याजोगा आहे. इस्रायलमधील माओझ फाइन आणि डॅन चेर्नोव्ह यांनी भूमध्य समुद्रातील दोन जातींचे प्रवाळ ७.३ ते ७.६ इतक्या खालच्या सामूच्या पाण्यात ठेवले. महिन्याभरात सांगाडे विरघळून गेले. परंतु प्राणी मेले नाहीत. ते नुसत्या मऊ शरीराने, समुद्रफुलासारखे जगत राहिले आणि पुढे नेहमीच्या पाण्यात परत ठेवल्यावर त्यांनी पुन्हा सांगाडा बांधला. २००७ मध्ये ‘सायन्स’ने हे निष्कर्ष छापले, तेव्हा काहींना दिलासा वाटला. पण प्रवाळ जगला तरी घर गेलेच. भित्तीच्या कपारीत राहणाऱ्या माशांना, खेकड्यांना आणि शेवंडांना त्या उघड्या प्राण्यांचा काही उपयोग नाही.

प्रत्यक्ष समुद्रातही घट मोजली गेली आहे. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफमधील ६९ भित्तींवरून ‘पोराइटीस’ या घुमटाकार प्रवाळांच्या ३२८ वसाहतींचे नमुने काढण्यात आले. झाडाच्या खोडाप्रमाणे या प्रवाळांतही वर्षागणिक वलये असतात. १९९० पासून चुना साचविण्याचा वेग १४.२ टक्क्यांनी घटल्याचे त्यातून दिसले. २००९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तापमान आणि आम्लीकरण यांचा वाटा वेगळा करता आला नव्हता. पोराइटीसवरील नंतरच्या संशोधनातून असे पुढे आले, की आम्लीकरणामुळे सांगाड्याची उंची वाढण्याचा वेग फारसा बदलत नाही, घटते ती त्याची घनता. बाहेरून प्रवाळ वाढताना दिसतो, आतून तो उतारवयातील हाडांप्रमाणे पोकळ होत जातो. वादळी लाटांपुढे असा सांगाडा लवकर मोडतो.

दुर्लक्षित राहिलेले गुलाबी शैवाल

प्रवाळभित्तीविषयीच्या बातम्यांत छायाचित्र नेहमी प्रवाळांचे असते. शैवालांचा उल्लेख झालाच, तर प्रवाळांवर माजणारे शत्रू म्हणून होतो. चुनायुक्त शैवालांवर हा मोठा अन्याय आहे, असे म्हणावे लागेल. भित्तीवर, विशेषतः लाटा आदळतात त्या कडेला, खडकावर गुलाबी-जांभळा रंग फासल्यासारखा कठीण थर दिसतो. अनेक पर्यटकांना तो दगडच वाटतो. प्रत्यक्षात ते लाल शैवालांच्या गटातील सजीव असून आपल्या पेशींच्या भिंतींत ते चुना साठवितात.

या थराची कामे दोन आहेत. लाटांनी मोडलेले प्रवाळाचे तुकडे, शंख-शिंपल्यांचा चुरा आणि वाळू यांच्यावर तो पसरतो आणि त्यांना एकत्र सांधतो. प्रवाळ विटा रचतात असे म्हटले, तर दर्जा भरण्याचे काम हे शैवाल करतात. अनेक महासागरी बेटांच्या समुद्राकडील काठावर त्यांचाच उंचवटा तयार होतो आणि लाटांचा पहिला मारा तो झेलतो. दुसरे काम प्रवाळांच्या पुढच्या पिढीशी संबंधित आहे. प्रवाळांचे डिंभ, म्हणजे पोहणारी बाल्यावस्था, योग्य जागा सापडेपर्यंत पाण्यात हिंडत असतात. काही विशिष्ट गुलाबी शैवालांच्या पृष्ठभागावरील रासायनिक खूण ओळखून अनेक जातींचे डिंभ तेथे चिकटतात आणि वसाहत सुरू करतात. हे शैवाल नाहीसे झाले, तर डिंभांना पत्ता सापडत नाही.

दुर्दैवाने आम्लीकरणाचा पहिला घाव याच गटावर बसतो. कारण त्यांच्या चुन्याच्या प्रकारात आहे. प्रवाळांचा सांगाडा ॲरागोनाइटचा असतो. गुलाबी शैवालांचा चुना कॅल्साइट जातीचा, परंतु मॅग्नेशियमचे प्रमाण अधिक असलेला असतो. समुद्री सजीव जे चुने तयार करतात, त्यांत हा सर्वांत विद्राव्य मानला जातो. हवाई बेटांवरील कानेओहे उपसागरात इल्सा कुफ्नर आणि सहकाऱ्यांनी उघड्या टाक्यांत समुद्राचे पाणी खेळते ठेवून प्रयोग केला. निम्म्या टाक्यांतील पाणी या शतकाच्या अखेरीस अपेक्षित असलेल्या पातळीपर्यंत आम्लधर्मी दिशेने नेण्यात आले. सुमारे सात आठवड्यांनी पाहता, अशा टाक्यांत गुलाबी शैवालांनी व्यापलेली जागा नेहमीच्या टाक्यांच्या तुलनेत ९२ टक्क्यांनी कमी भरली आणि चुना न साठविणारे मऊ शैवाल ५२ टक्क्यांनी वाढले. हे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले.

प्रयोगशाळेत काही आठवड्यांत दिसलेले खुल्या समुद्रात वर्षानुवर्षे टिकते का, असा प्रश्न साहजिकच विचारला गेला. त्याचे उत्तर पापुआ न्यू गिनीमध्ये मिळाले. तेथील मिल्ने उपसागरात समुद्रतळातून ज्वालामुखीजन्य, जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सतत येतात. आजूबाजूचे पाणी मात्र तापलेले नसते. त्यामुळे भविष्यातील समुद्राचा एक तुकडा आजच पाहण्याची सोय झाली. कॅथरिना फॅब्रिसियस यांच्या पथकाने २०११ मध्ये दिलेल्या अहवालानुसार बुडबुड्यांच्या जवळ प्रवाळांनी व्यापलेली जागा फारशी घटलेली नव्हती. परंतु फांद्यांचे, पानांसारखे, नाजूक रचनेचे प्रवाळ जवळपास गेलेले होते आणि घुमटाकार पोराइटीसचे राज्य झाले होते. गुलाबी शैवाल लक्षणीयरीत्या घटले होते, नवजात प्रवाळही कमी होते. सामू ७.७ च्या खाली गेला, तेथे भित्तीची बांधणी मुळीच आढळली नाही.

चुनायुक्त शैवालांचा आणखी एक प्रकार हिरवा आहे. ‘हॅलिमेडा’ या नावाचे हे शैवाल छोट्या नाण्यांची माळ गुंफल्यासारखे दिसते. त्यातील प्रत्येक नाण्यात ॲरागोनाइट असते. शैवाल मेले, की माळ तुटते आणि पांढरी वाळू होते. प्रवाळबेटांवरील ज्या शुभ्र पुळणीची छायाचित्रे पर्यटन संस्था वापरतात, तिच्यात हॅलिमेडाचा वाटा अनेक ठिकाणी मोठा असतो.

हॅलिमेडाचा महाराष्ट्राशीही जुना संबंध आहे. मुंबईच्या पश्चिमेस खंडान्त उथळीच्या बाहेरील भागात ‘फिफ्टी फॅदम फ्लॅट’ हे चुन्याचे विस्तीर्ण पठार पाण्याखाली आहे. गोव्यातील दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी फ्रेंच सहकाऱ्यांसमवेत १९९४ मध्ये असे दाखविले, की या पठारावर हॅलिमेडाने बांधलेले प्राचीन उंचवटे आहेत. शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस समुद्राची पातळी बरीच खाली होती, तेव्हा या ठिकाणी उथळ व स्वच्छ पाणी होते आणि शैवालांनी तेथे चुन्याच्या टेकड्या रचल्या. पुढे पाणी चढले आणि त्या बुडाल्या.

मालवण आणि आंग्रिया बँक

महाराष्ट्राला प्रवाळ आहेत, हे अनेक मराठी वाचकांना मालवणला जाईपर्यंत ठाऊक नसते. १६६४ ते १६६७ या काळात शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर बांधलेल्या सिंधुदुर्गाभोवतालच्या खडकांवर प्रवाळांच्या वसाहती आहेत. या परिसरात १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर असून गाभ्याचा ३.१८ चौरस किलोमीटरचा भाग किल्ल्याच्या सभोवताली आहे. येथे पोराइटीस, टर्बिनारिया, फेवाइटीस आदी प्रवाळ आणि अँफिरोआ, जानिया यांसारखे सांधेदार चुनायुक्त शैवाल आढळतात.

लक्षद्वीपच्या तुलनेत मालवणचे प्रवाळ थोडे आहेत आणि परिस्थितीही खडतर आहे. पावसाळ्यात नद्यांचे गढूळ व गोडे पाणी येऊन मिळते, सूर्यप्रकाश कमी होतो. जांभ्या दगडाच्या प्रदेशातून येणाऱ्या या पाण्यात चुना फारसा नसतो, त्यामुळे समुद्राच्या पाण्याची आम्ल सोसण्याची क्षमता किनाऱ्यालगत तात्पुरती घटते. त्यातच अरबी समुद्राचे एक वैशिष्ट्य आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर खोल थरातील पाणी वर चढते. या पाण्यात प्राणवायू अत्यल्प आणि कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने गोव्यातील कांदोळीसमोर १९९७ पासून ठराविक ठिकाणी पाण्याचे नमुने घेऊन या ऋतुचक्राच्या नोंदी ठेवल्या. दरवर्षी काही आठवडे या किनाऱ्यावरचे तळाचे पाणी निसर्गतःच कमी सामूचे असते. मानवनिर्मित घट त्याच्यावर भर घालते.

याचा अर्थ कोकणातील प्रवाळ अशा ताणाला सरावलेले आहेत, असा काढता येईल काय? पलाऊ या पॅसिफिकमधील देशात निसर्गतः कमी सामूच्या खाडीत समृद्ध प्रवाळ आढळल्याचे उदाहरण आहे. त्यामुळे ही शक्यता अगदीच निराधार नाही. परंतु तेथेही प्रवाळांच्या सांगाड्याला भोके पाडणाऱ्या जीवांचा उपद्रव मोठा असल्याचे दिसून आले. मालवणमध्ये मे २०१४ मध्ये विरंजनाची नोंद झाली असून त्यानंतरच्या वर्षांतही ते आढळले. तापमान, गाळ, नांगर, सांडपाणी आणि आम्लीकरण यांपैकी एकेकट्याशी प्रवाळ झुंजू शकेल. ती सर्व एकाच वेळी आल्यावर सरावाचा किती उपयोग होईल, याविषयी आशावादी राहणे कठीण आहे.

विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरवर आंग्रिया बँक हे बुडालेले पठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखले जाणारे हे पठार सुमारे ४० किलोमीटर लांब असून त्याचा माथा पाण्याखाली साधारण २० मीटरवर आहे. किनाऱ्यापासून दूर असल्याने नदीचा गाळ तेथे पोहोचत नाही, पाणी स्वच्छ असते आणि प्रवाळ व गुलाबी शैवाल दोन्ही वाढतात. २०१९ च्या अखेरीस शास्त्रज्ञ आणि पाणबुड्यांच्या पथकाने तेथे पाहणी केली. गाळ आणि सांडपाण्यापासून अंतराने वाचविलेले हे ठिकाण हवेतून उतरणाऱ्या वायूपासून मात्र वाचू शकत नाही. सर्व कठीण प्रवाळांना २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. त्यांची तोड करणाऱ्याला या कायद्याने शिक्षा होऊ शकते. पाण्याचा सामू कायद्याच्या कक्षेत येत नाही.

कोकणात चुना साठविणारे इतरही जीव आहेत. ओहोटीच्या वेळी खडकावरची कालवे फोडणाऱ्या, खाडीत तिसऱ्या वेचणाऱ्या स्त्रिया आणि शिनाणे विकणारी कुटुंबे यांचा रोजगार याच रसायनशास्त्रावर आधारलेला आहे. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील कालवे-उबवणी केंद्रांत २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात कालवांची पिल्ले मोठ्या संख्येने मेली. खोल थरातून वर आलेले आम्लधर्मी पाणी त्याला कारणीभूत होते, असे नंतर सिद्ध झाले. अरबी समुद्रातही असेच पाणी वर येत असल्याने ते उदाहरण आपल्या किनाऱ्यासाठी परके नाही.

जमा आणि खर्च

प्रवाळभित्ती एकदा बांधून झाली, की ती कायम राहते असा समज आहे. प्रत्यक्षात तिचा हिशेब रोज नव्याने मांडला जातो. दिवसा प्रकाशसंश्लेषणामुळे पाण्यातील कार्बन डायऑक्साइड घटतो, सामू वाढतो आणि चुना साचतो. रात्री श्वसन चालू राहते, सामू उतरतो आणि थोडा चुना विरघळतो. पोपटमासे आणि समुद्री साळिंदर भित्ती कुरतडतात, छिद्रक शैवाल व स्पंज तिला आतून पोखरतात. जमा खर्चाहून थोडीशी अधिक असते, म्हणून भित्ती वाढते.

या हिशेबात आम्लीकरण कोठे बसते, हे ऑस्ट्रेलियातील वन ट्री बेटावर तपासण्यात आले. रिबेका ऑलब्राइट आणि सहकाऱ्यांनी भित्तीवरून वाहणाऱ्या पाण्यात सोडियम हायड्रॉक्साइड सोडून त्याचे रसायन औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या पातळीजवळ नेले. तेव्हा चुना साचण्याचे निव्वळ प्रमाण सुमारे ७ टक्क्यांनी वाढले. म्हणजे तेवढा तोटा आम्लीकरणाने आधीच केला होता. हा निष्कर्ष २०१६ मधील आहे. पुढच्या प्रयोगात त्यांनी उलट, पाण्यात कार्बन डायऑक्साइड मिसळून या शतकाच्या अखेरची स्थिती निर्माण केली. चुना साचण्याचे प्रमाण ३४ टक्क्यांनी घटले.

खर्चाची बाजू सर्वप्रथम वाळूत दिसेल, असा अंदाज आहे. भित्तीलगतची वाळू मेलेल्या प्रवाळांची, शैवालांची आणि शंखांची असते. तिला राखण करणारा जीव उरलेला नसतो. जिवंत प्रवाळ निदान आपल्या सांगाड्यावर मऊ शरीराचे पांघरूण घालतो. पाच भित्तींवरील ५७ ठिकाणी केलेल्या मोजमापांवरून ब्रॅडली आयर आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये असा निष्कर्ष काढला, की २०५० च्या सुमारास जगातील भित्तींवरील वाळू साचण्यापेक्षा अधिक वेगाने विरघळू लागेल.

भारतात या निष्कर्षाचा अर्थ लक्षद्वीपइतका थेट अन्यत्र कोठेही लागत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार ६४ हजारांहून अधिक लोक राहत असलेली ही बेटे प्रवाळ आणि शैवालांच्या वाळूचीच बनलेली आहेत आणि त्यांचा बहुतेक भाग समुद्रसपाटीपासून अवघा एक-दोन मीटर उंच आहे. डोंगर नाही, नदी नाही. बाहेरची भित्ती लाटा अडविते म्हणून आतील सरोवर शांत राहते, पुळण टिकते आणि जमिनीखालचे गोडे पाणी सुरक्षित राहते. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये येथे मोठे विरंजन झाले. १९९८ ते २०२२ या काळात तेथील जिवंत प्रवाळांचे आच्छादन जवळपास निम्म्यावर आल्याचे दीर्घकालीन पाहणीत आढळले. २०२४ मध्ये पुन्हा विरंजनाची लाट आली. मेलेल्या सांगाड्यांवर नवे डिंभ येऊन बसण्यासाठी गुलाबी शैवाल हवेत आणि ढासळणारा चुरा सांधण्यासाठीही तेच हवेत. समुद्राची पातळी वाढत असताना भित्तीनेही उंच होत राहिले पाहिजे, ही तेथील निवासाची अट आहे.

उपाय आणि मर्यादा

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या शाश्वत विकास उद्दिष्टांत आम्लीकरण कमी करण्याचा स्वतंत्र उल्लेख आहे. बंगालच्या उपसागरात १५ अंश उत्तर अक्षांश आणि ९० अंश पूर्व रेखांशावर २०१३ मध्ये आम्लीकरणाची सलग नोंद घेणारा तरंगता बोया बसविण्यात आला. जर्मनीतील पॉट्सडॅम येथील हवामान संशोधन संस्थेच्या सप्टेंबर २०२५ च्या अहवालात, पृथ्वीच्या सुरक्षित मर्यादांपैकी आम्लीकरणाची मर्यादा ओलांडली गेल्याचे म्हटले आहे. ओलांडली गेलेली ही सातवी मर्यादा होय.

सांडपाणी, गाळ आणि नांगर यांपासून भित्तीला वाचविणे स्थानिक पातळीवर शक्य आहे आणि त्याचा लाभही होतो. सुदृढ प्रवाळाला हायड्रोजन आयन उपसण्यास अधिक ऊर्जा उरते. मालवणमध्ये तुटलेले प्रवाळ कृत्रिम चौकटींवर रुजविण्याचे प्रयत्न झाले आहेत. परंतु पाण्याचे रसायन बदलण्याचा खात्रीचा मार्ग वायूचे उत्सर्जन कमी करणे हाच आहे. समुद्रात चुना किंवा अन्य अल्कली पसरून सामू वाढविण्याच्या कल्पनेवर काही देशांत प्रयोग चालू आहेत. वन ट्री बेटावरील चाचणी लहानशा भित्तीपुरती होती. संपूर्ण समुद्रासाठी लागणारी अल्कली खणणे, दळणे आणि वाहून नेणे यासाठी पुन्हा इंधन लागणार आहे. त्यातही ती चुनखडी भाजून तयार केलेला चुना असेल, तर भट्टीतून निघणारा वायू अडवून ठेवल्याखेरीज फारसा निव्वळ लाभ नाही.

निसर्गाची स्वतःची अशी एक पद्धत आहे. पावसाच्या पाण्यात हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. ते चुनखडकातून झिरपते, तेव्हा खडक कणाकणाने विरघळतो आणि बायकार्बोनेट पाण्याबरोबर वाहू लागते. समता कॉलोनीत पडणारा पाऊस खारून नदीस मिळतो. खारून शिवनाथला, शिवनाथ महानदीला मिळते आणि महानदी ओडिशात पारादीपजवळ बंगालच्या उपसागरात पोहोचते. रायपूरच्या प्राचीन समुद्राचा चुना या वाटेने आजच्या समुद्राला अल्कली पुरवीत असतो. शिळांच्या झिजेतून आणि समुद्रतळावरील चुन्याच्या विरघळण्यातून आजच्या आम्लीकरणाची भरपाई होण्यास हजारो वर्षे लागतील, असे शास्त्रज्ञांचे मत आहे.